पाठमालेपासून प्रबंधापर्यंत

साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात त्या काळी सरकारी हायस्कूल भरत असे. या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ क्रमांकावर एका मुलाचे नाव चढले: भिवा रामजी आंबेडकर, इयत्ता इंग्रजी पहिली. शाळेचे आजचे नाव छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. २०१७पासून महाराष्ट्रात ही तारीख ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळली जाते.

या नोंदीनंतर साडेपंधरा वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातींची घडण, उगम आणि वाढ यांवर इंग्रजीत निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या संशोधनपत्रिकेत छापून आला आणि आज शंभर वर्षांनंतरही समाजशास्त्राचे विद्यार्थी तो वाचतात. विद्यार्थी तोच, साताऱ्याचा भिवा. ज्याच्या घरात इंग्रजी कोणाची मातृभाषा नव्हती आणि वर्गात ज्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, त्याच्या हातून परक्या भाषेत इतके बांधीव लेखन कसे उतरले? प्रतिभा आणि जिद्द हे उत्तर खरेच आहे. पण त्यामागे एक पद्धतही होती, आणि पद्धत इतरांनाही उचलता येते. म्हणून हा लेख पद्धतीबद्दल आहे.

त्या वेळी मुले आधी मराठी चार इयत्ता करीत आणि मग ‘इंग्रजी पहिली’त जात. तिथून सातवीपर्यंत चढले की मॅट्रिक. म्हणजे इंग्रजीचे पहिले अक्षर दहाव्या-अकराव्या वर्षी हाती येई आणि सात वर्षांत त्याच भाषेत इतिहास, गणित वाचून परीक्षा द्यावी लागे. इंग्रजी कानावर पडण्याची सोय जवळजवळ नव्हती. रेडिओ यायचा होता, सिनेमा मुका होता, आणि साताऱ्यात जे मूठभर साहेब होते ते शाळकरी पोरांशी गप्पा मारायला येत नसत. इंग्रजी यायची ती कागदावरून.

भीमरावांच्या बाबतीत कागदाबरोबर वडीलही होते. सुभेदार रामजी सकपाळ यांनी लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केलेली होती. साताऱ्यात सुरू झालेले हे शिक्षण पुढे मुंबईत परळच्या चाळीत त्यांच्या देखरेखीखाली चालले. हॉवर्डची इंग्रजी रीडरे आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. मुलाला हवी ती पुस्तके आणायला हाती पैसा नसला की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून घेत आणि तो गहाण टाकत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत देत.

तर्खडकरांची पाठमाला हा मराठी घरांतला एक अजब ग्रंथ आहे. तीन भाग, साधा कागद, चित्रे नाहीत. धडा उघडला की सुरुवातीला नवे शब्द अर्थांसह दिलेले असतात, मग व्याकरणाचा एखादा नियम, त्यानंतर मराठीत करायची इंग्रजी वाक्ये आणि शेवटी इंग्रजीत करायची मराठी वाक्ये. वाक्यांचे एकमेकांशी देणेघेणे नसते. एकात कोणी आजारी असतो तर दुसऱ्यात कोणाची गाय हरवलेली असते. या रुक्षपणाची चेष्टा पुष्कळांनी केली आहे. पण पुस्तकाचा जीव त्या दुसऱ्या यादीत आहे. इंग्रजीतून मराठीत येताना अंदाजाने भागते. मराठीतून इंग्रजीत जाताना मात्र क्रियापदाचा काळ, नामाआधीचे ‘अ’ की ‘द’, शब्दांचा क्रम, सगळे स्वतः ठरवावे लागते आणि कुठे येत नाही ते लगेच उघडे पडते.

या दुहेरी ये-जा करण्याला युरोपात मोठी परंपरा आहे. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिचे शिक्षक रॉजर अ‍ॅस्कम यांच्या ‘द स्कूलमास्टर’ या पुस्तकात (१५७०) लॅटिन शिकवण्याची रीत सांगितली आहे. मुलाने सिसेरोचे पत्र इंग्रजीत उतरवावे. मग मूळ पुस्तक बाजूला ठेवून निदान तासभर जाऊ द्यावा आणि स्वतःच्या इंग्रजीवरून ते पुन्हा लॅटिनमध्ये लिहावे. शेवटी गुरुजींनी सिसेरोचे पान आणि मुलाचे पान शेजारी ठेवून कुठे काय बदलले ते दाखवावे. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन छापखान्यात उमेदवारी करत असताना ‘स्पेक्टेटर’मधल्या लेखांशी असाच खेळ खेळला. एकेका वाक्याचा आशय टिपून ठेवायचा, काही दिवसांनी टिपणांवरून पूर्ण लेख स्वतःच्या शब्दांत उभा करायचा आणि मुळाशी ताडून चुका सुधारायच्या. फ्रँकलिनची तर ती मातृभाषा होती, तरीही त्याला ही मेहनत लागली. शास्त्रीय गद्य लिहिणे ही कोणालाच जन्मतः न येणारी गोष्ट आहे, एवढे यावरून दिसते.

शास्त्रीय भाषा आपोआप येत नाही, हे पुढच्या संशोधनातूनही समोर आले आहे. १९२०च्या दशकात ढाक्याच्या शिक्षक महाविद्यालयात काम करणारे मायकेल वेस्ट यांनी म्हटले की बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्यासाठी लागते, तेव्हा वाचन आधी. त्यांनी मोजक्या शब्दांत बसवलेली क्रमिक वाचनपुस्तके काढली आणि १९५३ साली सुमारे दोन हजार अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध केली. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ही यादी बाजूला ठेवून पुढचा प्रश्न विचारला: विद्यापीठाच्या पुस्तकांत, विषय कोणताही असो, पुन्हा पुन्हा येणारे पण या दोन हजारांत नसलेले शब्द कोणते? वाणिज्य, विधी, विज्ञान आणि कला या शाखांमधला सुमारे पस्तीस लाख शब्दांचा मजकूर चाळून त्यांना ५७० शब्दकुळे मिळाली. ‘अ‍ॅनलाइज’, ‘डिराइव्ह’, ‘सिग्निफिकंट’, ‘कॉन्स्टिट्यूट’ अशी. कोणत्याही शास्त्रीय मजकुराचा साधारण दहावा हिस्सा या शब्दांचा असतो. रस्त्यावर, सिनेमात, फोनवर ते क्वचितच भेटतात. आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार कोशाच्या मदतीविना मजकूर नीट समजायला त्यातले जवळजवळ ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. त्याहून जास्त झाले की अर्थाचा धागा तुटतो आणि विद्यार्थी पाठ करायला लागतो.

आता इंग्रजी बोलण्याच्या क्लासची पाटी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर आहे आणि सांगलीच्या विश्रामबागेतही. त्यांचा उपयोग नाही असे नाही. मुलाखतीला तोंड उघडले पाहिजेच. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला किंवा फार्मसीला आलेल्या, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीचे अडते ते दुसरीकडे. पुस्तकातले चाळीस शब्दांचे वाक्य तिला उलगडत नाही, आणि प्रयोगाचा अहवाल लिहायला बसली की पहिल्याच ओळीला पेन थांबते.

हे अडणे भाषेच्या बांधणीतले आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. विशेषण-वाक्य आधी येते आणि ज्याबद्दल बोलायचे ते नंतर. ‘ज्या गावांनी बंधारे बांधले, त्या गावांत पाणी टिकले’ हे माण तालुक्यातले वाक्य मराठी मनाला सरळ वाटते. मूल ते इंग्रजीत नेते तेव्हा ‘विच व्हिलेजेस बिल्ट बंधाराज, इन दोज व्हिलेजेस वॉटर लास्टेड’ असे होते. इंग्रजीला आधी पाणी हवे, मग गावे, मग त्यांनी काय केले ते: ‘वॉटर लास्टेड इन द व्हिलेजेस दॅट बिल्ट बंधाराज’. तसेच ‘जरी’ आले की मराठीत ‘तरी’ यायलाच हवे, म्हणून ‘ऑलदो’ लिहिले की पाठोपाठ ‘बट’ पडते. इंग्रजीला दोघांपैकी एकच चालतो. अशा चुका करणाऱ्या मुलाला इंग्रजी कच्चे आहे म्हणून सोडून देणे हा आळस आहे. त्याचे मराठी पक्के आहे आणि तो त्याच्या नियमाने वागतो आहे. दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून बाण काढून दाखवले तर पाच मिनिटांत त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो.

असे बाण काढण्याचे शास्त्र मराठीत आणणारा माणूसही याच मुलखातला. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची गरिबी इतकी की शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण झाली आणि मिळेल ते काम करावे लागले. पुढे डेक्कन कॉलेजातून ते एम.ए. झाले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे त्यांनी केलेले भाषांतर ‘विकारविलसित’ नावाने १८८३ साली निघाले. ‘सुधारक’ पत्र त्यांनी १८८८ साली काढले ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. हे सगळे शाळेत शिकवतात. पण त्याच वर्षी आगरकरांनी ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तकही लिहिले, आणि ते फारसे कोणाला आठवत नाही. इंग्रजी शाळांत वाक्य फोडून कर्ता, क्रियापद, पूरक, विस्तार वेगळे करून दाखवण्याचा परिपाठ होता, तो त्यांनी मराठी वाक्याला लावला. मोठे विचार लांब वाक्यांतून येतात आणि लांब वाक्य पेलायचे तर त्याचा कणा सापडला पाहिजे. माझ्या मते आगरकरांच्या धारदार गद्याचे एक गमक या कोरड्या पुस्तकात आहे.

यापूर्वी नायगावच्या सावित्रीबाई फुल्यांनी ‘काव्यफुले’ (१८५४) या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह कवितेतून धरला होता. नायगाव आज सातारा जिल्ह्यात आहे. शूद्रातिशूद्रांना दडपणाऱ्या व्यवस्थेतून सुटकेचा एक मार्ग म्हणून त्या या भाषेकडे पाहत होत्या. या मुलखातल्या इंग्रजी शिकण्याला असा सामाजिक ताण पहिल्यापासून आहे. इंग्रजी ही नुसती नोकरीची शिडी कधीच नव्हती.

वाईची गोष्ट तर याहून न्यारी. तिथे केवलानंद सरस्वती म्हणजे नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत संस्कृत शास्त्रांचे अध्ययन चाले. साबरमतीच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन विनोबा भावे १९१७च्या सुमारास तिथे वेदान्त शिकायला आले. गांधीजींना पाठवलेल्या पत्रात त्यांनी त्या वर्षाचा हिशेब दिला आहे: कोणाला गीता शिकवली, कोणाला ज्ञानेश्वरी, आणि दोघांना इंग्रजी. दळणे दळून मिळणाऱ्या पैशांतून मुलांनी वाचनालयासाठी पुस्तके आणली. याच पाठशाळेतल्या लक्ष्मणशास्त्री जोशी या विद्यार्थ्याने इंग्रजीचे धडे विनोबांकडून घेतले. इंग्रजी शाळेचे तोंड न पाहिलेला हा तरुण १९२३ साली ‘तर्कतीर्थ’ झाला आणि पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या सहवासात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान वाचून पचवता झाला. साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पहिला पुरस्कार त्यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला १९५५ साली मिळाला.

पण त्यांच्या इंग्रजी वाचनाचे खरे पीक म्हणजे मराठी विश्वकोश. मुंबई-पुण्याला न नेता त्यांनी तो कृष्णाकाठी वाईत उभा केला. कामाची सुरुवात परिभाषेपासून झाली, कारण इंग्रजी संज्ञांना मराठी प्रतिशब्द ठरल्याशिवाय नोंदी लिहिता येत नव्हत्या. तो परिभाषासंग्रह १९७३ साली आला आणि पहिला खंड १९७६ साली. पुढे मे. पुं. रेग्यांसारखा तत्त्वज्ञ प्रमुख संपादक झाला आणि काम वीस खंडांपर्यंत गेले. एका छोट्या गावात बसून संपादक मंडळी जगभरचे इंग्रजी संदर्भग्रंथ वाचत, त्याचा सारांश काढत, आकडे ताडून पाहत आणि मराठीत नव्याने मांडत. वाचन, टिपण, सारांश, संदर्भ: विद्यापीठात जे आज पैसे घेऊन ‘अकॅडमिक रायटिंग’ म्हणून शिकवतात, ते सगळे वाईत रोजचे काम होते.

सांगलीकडे हीच धडपड कॉलेजच्या रूपाने आली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली सांगली-मिरजेच्या मधे विलिंग्डन कॉलेज काढले तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातल्या आणि आताच्या कर्नाटक सीमेवरच्या मुलांना पुण्याला न जाता पदवीपर्यंत शिकता येऊ लागले. वर्गात मराठी आणि कानडी दोन्ही घरांतली मुले, आणि दोघांनाही इंग्रजी सारखीच परकी. ऑक्सफर्डहून परतलेले कानडी कवी वि. कृ. गोकाक इथे प्राचार्य होते. पुढे हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे ते संचालक झाले. देशातल्या इंग्रजी शिक्षकांना शिकवणाऱ्या संस्थेचा प्रमुख होण्याआधी त्यांनी सांगलीत द्विभाषिक वर्ग सांभाळला होता.

त्याच १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४पासून तिचे ठाणे साताऱ्यात आले. तिथल्या बोर्डिंगला गांधीजींच्या हस्ते १९२७ साली छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. सांगलीजवळच्या कवलापूरचे पी. जी. पाटील या बोर्डिंगात वाढले, विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि वकिली न करता साताऱ्याला परत आले. छत्रपती शिवाजी कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवले, तिथेच प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. कर्मवीरांचे विस्तृत इंग्रजी चरित्र त्यांनी लिहिले. महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’चा त्यांचा इंग्रजी अनुवाद राज्य शासनाने १९९१ साली छापला. शेतकऱ्याच्या बोलीतले फुल्यांचे गद्य इंग्रजीत नेणे हे तर्खडकरांच्या त्या दुसऱ्या यादीचे सर्वांत अवघड गणित म्हणायला हरकत नाही. ते सोडवायला ज्याच्या घरात ती बोली आहे असाच माणूस लागत होता.

आंबेडकरांच्या बाबतीतली आणखी एक गोष्ट लेखन शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. लंडन विद्यापीठाला सादर केलेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी पहिल्या खेपेला जसाच्या तसा घेतला नाही, फेरलेखन करायला सांगितले. त्यांनी निष्कर्ष न बदलता मांडणी नव्याने केली आणि १९२३ साली डी.एससी. मिळवली. मुळात इतके पक्के इंग्रजी असलेल्या माणसालाही दुसरा खर्डा करावा लागला. उलट, साताऱ्यातल्या लहानपणाच्या आणि मसूर स्टेशनावरच्या अपमानाच्या आठवणी त्यांनी पुढे इंग्रजीत लिहिल्या त्या अगदी साध्या, तोकड्या वाक्यांत. प्रबंधाची भाषा वेगळी, आठवणींची वेगळी. कोणती कुठे वापरायची हे कळणे म्हणजेच भाषा येणे.

आजचे चित्र काय आहे? २०००पासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पुष्कळ शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत, तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून चालते. म्हणजे इंग्रजी लवकर येते आणि जास्त वेळ असते. पण मराठी माध्यमाच्या दहावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत भाषांतराला ८०पैकी पाच गुण, आणि तेही इंग्रजीतून मराठीत. उलट दिशेचे काम उरलेले नाही. निबंध, पत्र, बातमी हे लेखन आहे, बारावीला सारांशलेखनही आहे. मात्र गाईडमधले नमुने पाठ करून तिथे गुण पडतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. आता तर फोनला मराठी वाक्य दिले की इंग्रजी वाक्य हजर. ते बहुधा बरोबरही असते. पण वाक्य जुळवताना जी झटापट व्हायची, जिच्यातून लिहिणे यायचे, ती फोन करतो आणि मूल नुसते उतरवून घेते.

मला जुन्या पद्धतीचे गोडवे गायचे नाहीत. तिच्यात कान आणि जीभ उपाशी राहत. उत्तम लिहिणारी माणसे चारचौघांत बोलताना अडखळत. संदर्भ नसलेल्या वाक्यांचा कंटाळाही खरा. पण एकेका विषयाच्या मजकुरावर दुहेरी भाषांतर केले तर हा दोष जातो. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने सहकारावरचा उतारा घ्यावा, विज्ञानाच्या विद्यार्थ्याने भूजलावरचा. कर्ता-क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारून कणा शोधावा, तीन-चार ओळींत मराठीत सारांश लिहावा, दोन दिवस वही मिटून ठेवावी आणि मग त्या मराठीवरून परत इंग्रजी लिहून मुळाशी ताडावे. फोन वापरायचाच तर शेवटी, ताडून पाहायला.

त्याला फारसा खर्चही नाही. तर्खडकरांचे तीन भाग पुस्तकांच्या दुकानांत अजून मिळतात आणि वाईचा विश्वकोश संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतो. सातारा-सांगलीतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे: आठवड्यातली एक तासिका मराठीतून इंग्रजीत जाण्यासाठी राखून ठेवा, आणि त्या तासिकेला गाईड घरी ठेवायला सांगा.